दहावा दिवस आणि न आलेला पार्ट

कळव्याच्या एका मुलाने प्रश्न पाठवलाय. एएमईचा, म्हणजे विमानांच्या देखभाल इंजिनिअरचा, कोर्स संपवून तो सध्या लाइन मेंटेनन्सच्या (दोन उड्डाणांच्या मधल्या दुरुस्तीच्या) मुलाखती देतोय. एका मुलाखतीत त्याला विचारलं, "सी कॅटेगरीचा डिफर केलेला स्नॅग आहे. आज दहावा दिवस. पार्ट आलेला नाही. काय करशील?" (स्नॅग म्हणजे बिघाड, डिफर करणं म्हणजे त्याची दुरुस्ती ठरावीक मुदतीपर्यंत पुढे ढकलणं, आणि सी कॅटेगरीची मुदत दहा दिवसांची.) हा म्हणाला, "एक्स्टेन्शन घेईन," म्हणजे मुदतवाढ. समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले आणि पुढच्या प्रश्नावर गेले. पुस्तकात तर हेच लिहिलंय, मग हसायला काय झालं, असं तो विचारतोय. शेवटी त्याने आईचीही शंका जोडली आहे: बिघाड माहीत असताना विमान उडवतातच कसं?

आधी आईंना सांग. तुमच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला दोन पंप असतील. एक जळला म्हणून सेक्रेटरी पाणी बंद करत नाही. दुसरा चालू ठेवतो, जळलेल्यावर "बंद आहे" अशी पाटी लावतो, पंपवाल्याकडून तारीख घेतो. विमानातही बऱ्याच गोष्टी दोन-दोन, तीन-तीन असतात. त्यातलं काय बंद असताना, कोणत्या अटींवर आणि किती दिवस उडता येतं, याची मूळ यादी विमानाच्या प्रकारासाठी आधीच ठरलेली असते. ती मास्टर यादी, एमएमईएल. तिच्यावरून प्रत्येक एअरलाइन आपली एमईएल बनवते आणि आपल्या नियामकाकडून, डीजीसीएकडून, मंजूर करून घेते. एअरलाइनची यादी मास्टरपेक्षा कडक असू शकते, सैल कधीच नाही. जी वस्तू यादीत नाही आणि उड्डाणयोग्यतेशी संबंधित आहे, ती चालू असायलाच हवी. पंख आणि रडर (शेपटीवरचं सुकाणू) यादीत का नाहीत, असा प्रश्न कोणी विचारत नाही. आणखी एक फरक आहे. सेक्रेटरीची तारीख पुढे सरकत राहते, आमची सरकत नाही. निदान सरकू नये.

आता तुझ्याकडे वळतो.

तुम्ही मुलं अक्षरं पाठ करता. ए म्हणजे यादीत त्या वस्तूपुढे जी मुदत लिहिली असेल ती, बी म्हणजे ३ दिवस, सी म्हणजे १० दिवस, डी म्हणजे १२० दिवस. सगळे सलग कॅलेंडर दिवस, नोंद केलेला दिवस सोडून. हे बरोबरच आहे, पण अक्षर हा त्या ओळीचा सगळ्यात सोपा भाग आहे. उजवीकडचा रिमार्क्सचा कॉलम वाच. खरी एमईएल तिथे असते. वेदर रडारचं उदाहरण घे. अक्षर काहीही असो, अट सांगते की मार्गावर वादळी ढगांचा अंदाज नको. वायपर बंद असेल तर विमानतळाजवळ पाऊस नको. जानेवारीत मुंबईहून जयपूरला जाताना या अटी सहज पाळता येतात. जुलैत सहारच्या बेवर (विमान उभं करायच्या जागी) उभा राहून, रेनकोटच्या बाहीतून कोपरापर्यंत पाणी गेलेलं असताना तू वायपर डिफर करतोयस म्हटलंस, तर मी तुला यादी दाखवणार नाही, फक्त वर बघ म्हणेन. नवी मुंबईच्या विमानतळावर २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झालीत. उद्या उलव्याच्या बाजूला नोकरी लागली तर हाच पाऊस तुझ्या डोक्यावर असेल. कागदावर दहा दिवस, प्रत्यक्षात एक तासही नाही.

मग त्याच कॉलममधली कंसातली दोन अक्षरं, एम आणि ओ. एम म्हणजे डिफर करण्याआधी आपण काहीतरी करून द्यायचं आहे: व्हॉल्व्ह बंद करून लॉक करायचा, सर्किट ब्रेकर ओढून त्याला कॉलर लावायची, तपासणी करायची. ओ म्हणजे वैमानिकाने काहीतरी वेगळं करायचं आहे. माझ्या मते नव्या इंजिनिअरची पहिली चूक इथे होते. एम केलं, प्लॅकार्ड (पाटी) चिकटवलं, टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाड-दुरुस्तीच्या वहीत) एमईएलचा क्रमांक, कॅटेगरी आणि मुदतीची तारीख लिहिली, सही-शिक्का मारला, की काम झालं असं त्याला वाटतं. ओ आपलं नाही म्हणून तो वाचतच नाही.

एपीयू बंद झालेलं विमान डोळ्यासमोर आण. शेपटीतलं ते छोटं इंजिन जमिनीवर वीज, केबिनला थंड हवा आणि मोठ्या इंजिनांना स्टार्ट करायला दाबाची हवा देतं. ते नसलं तरी विमान उडतं. पण आता प्रत्येक स्टेशनवर ग्राउंड पॉवर हवी, एअर स्टार्ट युनिट (दाबाची हवा देणारं जमिनीवरचं यंत्र) हवं, बेवरच एक इंजिन चालू करून पुशबॅक, आणि दुसरं नंतर क्रॉसब्लीडने, म्हणजे पहिल्याच्या हवेवर. मी एकदा मध्यरात्री एपीयू डिफर केला, सगळं नियमाप्रमाणे. पहाटे चारला ठाण्याची गाडी पकडून कोपरी पुलापर्यंत पोचलो, तेवढ्यात फोन. ते विमान दुसऱ्या सेक्टरला (उड्डाणाला) एका लहान विमानतळावर जायचं होतं आणि तिथलं एअर स्टार्ट युनिट आठवडाभर बंद होतं. तिथे इंजिनं बंद झाली असती तर विमान तिथेच बसलं असतं. ऑप्सने, म्हणजे उड्डाणांचं नियोजन करणाऱ्यांनी, विमान बदललं म्हणून निभावलं. माझी सही चूक नव्हती. पण ती करताना हे विमान उद्या कुठे जाणार आहे, हे मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून तारीख लिहिण्याआधी रोटेशन, म्हणजे त्या विमानाचं पुढचं वेळापत्रक, मागतो.

(केबिनमध्ये गरम होतं म्हणून लोक वैतागतात तेही कधीकधी यामुळेच. आईंना तेही सांग. टेकऑफनंतर गार होतं.)

मुदत मोजण्यात एक गंमत आहे आणि ती मुलाखतीत हमखास विचारतात. टेक लॉगची वेळ बहुतेक एअरलाइन्समध्ये यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, असते. समज, ११ जुलैला आपल्या रात्री दोन वाजता तू सी कॅटेगरीचा स्नॅग लिहिलास. यूटीसीत तेव्हा १० जुलैचे साडेआठ वाजलेले असतात, संध्याकाळचे. तो दिवस सोडायचा, ११ पासून दहा दिवस मोजायचे. मुदत २० जुलैच्या यूटीसी मध्यरात्री संपते, म्हणजे आपल्याकडे २१ तारखेला पहाटे साडेपाचला. तोच स्नॅग तू पावणेसहाला लिहिलास तर यूटीसीची तारीख ११ होते आणि मुदत २२ च्या पहाटेपर्यंत जाते. पावणेचार तासांत पूर्ण एक दिवस फुकट मिळतो. मग कोणीतरी प्रेमाने सांगतं, "अरे, थोडा चहा पिऊन ये, मग लिही." तो चहा पिऊ नकोस. स्नॅग सापडला ती वेळ लिहायची, चहानंतरची नाही.

आता दहाव्या दिवसाबद्दल.

एक्स्टेन्शन ही खरीखुरी, नियमात बसणारी गोष्ट आहे. युरोपच्या नियमांत बी, सी आणि डी कॅटेगरीची मुदत मंजूर कार्यपद्धतीनुसार एकदाच, मूळ मुदतीइतकी वाढवता येते आणि ते नियामकाला कळवावं लागतं. अमेरिकेत बी आणि सीपुरतं हे एअरलाइनला स्वतः करता येतं, तेही तशी परवानगी असेल तर. ए तर कुठेच अशा पद्धतीने वाढत नाही. आपल्याकडे तुझ्या एअरलाइनच्या मंजूर एमईएलच्या प्रस्तावनेत आणि कार्यपद्धतीत जे लिहिलंय तेवढंच आणि तसंच. नोकरी लागली की पहिल्या आठवड्यात ती प्रस्तावना वाच. कोणी वाचत नाही, म्हणून वाच. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे: बेवरच्या इंजिनिअरला स्वतःच्या सहीने मुदत वाढवता येत नाही. तू फक्त मागणी पुढे पाठवू शकतोस. तेव्हा "एक्स्टेन्शन घेईन" या वाक्यात पहिली अडचण "घेईन" या शब्दाची आहे.

दुसरी अडचण मोठी आहे. ती सांगायला एक किस्सा सांगतो. कंपनीचं नाव घेणार नाही, तिथली माणसं चांगली होती.

एका ए३२० च्या डाव्या इंजिनाचा थ्रस्ट रिव्हर्सर डिफर झाला होता. हे लँडिंगनंतर हवेचा झोत पुढे वळवून ब्रेकला मदत करणारं यंत्र. त्या इंजिनावर याची चार दारं असतात. डिफर करताना कावलिंग (इंजिनाचं आवरण) उघडून एचसीयूचा, म्हणजे हायड्रॉलिक कंट्रोल युनिटचा, लिव्हर इनहिबिटवर (बंद) टाकून पिन लावायची आणि चारही दारं बोल्टने जखडायची, म्हणजे ती हवेत काय, जमिनीवरही उघडणार नाहीत. ते सगळं नीट झालं होतं. एचसीयूच खराब निघाला होता आणि नव्याची ऑर्डर गेली होती.

मी तेव्हा मेंटेनन्स कंट्रोलला होतो. नवव्या दिवशी संध्याकाळी प्लॅनिंगकडून एक्स्टेन्शनचा अर्ज आला. कारण एका ओळीचं: पार्ट उपलब्ध नाही. खाली ऑर्डर क्रमांक. एवढ्यावर पुढे पाठवता आलं असतं. कशासाठी कोण जाणे, मी स्टोअरला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "कोणता, एचसीयू? तो तर आलाय ना, सहाव्या दिवशीच." कुठे आहे? क्वारंटाइनच्या रॅकवर. का? तर पार्टच्या पाटीवरच्या सीरियल नंबरचा शेवटचा आकडा ८, आणि सोबतच्या रिलीज सर्टिफिकेटवर ३. स्टोअरवाल्याने पार्ट अडवला ते शंभर टक्के बरोबर केलं. कागद आणि पार्ट जुळत नसतील तर तो पार्ट विमानावर चढतच नाही. त्याने विक्रेत्याला मेलही केला होता. शुक्रवारी. तिकडे सुट्टी. सोमवारी कोणी विचारलं नाही, कारण प्लॅनिंगच्या पडद्यावर अजून "येतोय" एवढंच दिसत होतं.

म्हणजे अर्जातलं वाक्य धड खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं. पार्ट आमच्याच छपराखाली तीन दिवस पडून होता.

त्या रात्री विक्रेत्याच्या रात्रपाळीच्या डेस्कवर माणूस सापडला, दुरुस्त सर्टिफिकेट आलं आणि दहाव्या दिवसाच्या रात्री विमान हॉल्टला (मुक्कामाला) असताना एचसीयू बदलला. चाचणीत चारही दारं उघडून मिटली, तेव्हा मुदत संपायला अडीच तास राहिले होते. एक्स्टेन्शनचा अर्ज मी फाइलमध्ये तसाच ठेवला, वर पेनने "गरज नाही" लिहून. पुढे नवीन आलेल्यांना तो दाखवायचो.

म्हणून मुलाखतीतल्या दोघांना हसू आलं असावं. दहाव्या दिवशी काय करशील, या प्रश्नाचा रोख नवव्या दिवसावर असतो, पाचव्या दिवसावर असतो आणि सगळ्यात जास्त पहिल्या रात्रीवर. स्नॅग डिफर केला त्याच शिफ्टला ऑर्डर गेली का? पार्ट नंबर नीट तपासला का, की त्या विमानावर न बसणारा मॉड (बदललेली आवृत्ती) आला? पार्ट यायला किती दिवस लागणार हे कळल्यावर काम करायला रात्र आणि हँगर राखून ठेवलं का? पाचव्या दिवशी कोणी पाठपुरावा केला का? दुसऱ्या विमानावरून काढायचा, म्हणजे आमच्या भाषेत रॉबरी करायचा, विचार झाला का? (रॉबरी मला आवडत नाही. एकाच पार्टवर दोनदा काम, आणि आता ते दुसरं विमान उघडं पडतं. पण हँगरमध्ये महिनाभर उभं राहणारं विमान असेल तर तो शहाणपणा ठरतो.) या सगळ्याची उत्तरं तारखांसकट हातात असतील, तरच एक्स्टेन्शनच्या अर्जाला अर्थ आहे. वेळ मिळाला नाही, माणसं कमी होती, विमान हॉल्टला आलं नाही, ही कारणं अर्जावर लिहिलीस तर ती तुझ्या नियोजनाची तक्रार वाचल्यासारखी दिसतात.

रिव्हर्सरचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. कोरड्या धावपट्टीसाठी लँडिंगचं जे मूळ प्रमाणित अंतर असतं, त्यात रिव्हर्सर धरलेलाच नसतो. म्हणून तो डिफर होतो आणि म्हणूनच लोक त्याला किरकोळ समजतात. १७ जुलै २००७ ला ब्राझीलमध्ये साव पावलोच्या काँगोन्यास विमानतळावर टाम एअरलाइनचं ए३२० ओल्या धावपट्टीवर उतरलं. उजवा रिव्हर्सर नियमाप्रमाणे बंद करून ठेवलेला होता. कार्यपद्धत सांगत होती की इंजिनांचा जोर ठरवणारे दोन्ही थ्रस्ट लिव्हर मागे ओढायचे. फ्लाइट रेकॉर्डरच्या नोंदीत उजवा लिव्हर क्लाइंबच्या, म्हणजे जोर देण्याच्या, जागीच दिसला. त्या बाजूचं इंजिन जोर लावत राहिलं, ग्राउंड स्पॉइलर (उतरल्यावर पंखांवर उभ्या राहून वेग कमी करणाऱ्या फळ्या) उघडले नाहीत, विमान धावपट्टी ओलांडून इमारतीवर आदळलं. १९९ माणसं गेली. तो रिव्हर्सर तर नियमाप्रमाणेच बंद केलेला होता. डिफर करताना बिघाड नाहीसा होत नाही, त्याचं ओझं कॉकपिटमध्ये सरकतं, आणि ते ओझं दहाऐवजी वीस दिवस वाहायला लावायचं की नाही, हे एक्स्टेन्शनच्या अर्जात कुठल्याही रकान्यात विचारलेलं नसतं. ते तू स्वतःला विचारायचं. कॅप्टन डिफर केलेलं विमान घ्यायला नकार देऊ शकतो, तो त्याचा हक्क आहे. अशा वेळी तोंड वाकडं करू नकोस.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एमईएल सांगते की अमुक वस्तू बंद असताना उडता येईल का. ती वस्तू का बंद पडली, हे एमईएल विचारत नाही. ते तू विचारायचं.

२० ऑगस्ट २००८ ला माद्रिदमध्ये स्पॅनएअरचं एमडी-८२ टॅक्सी करून परत बेवर आलं, कारण बाहेरच्या हवेचं तापमान मोजणाऱ्या प्रोबचा हीटर जमिनीवरच तापत होता. तो हीटर हवेत चालायला हवा, जमिनीवर नाही. तंत्रज्ञांनी एमईएल उघडली. हीटर बंद असताना उडता येत होतं, अट एकच की मार्गावर बर्फ धरण्याची शक्यता नको, आणि ऑगस्टमधल्या माद्रिदमध्ये ती नव्हती. ब्रेकर ओढला, विमान सोडलं. दुसऱ्या प्रयत्नात वैमानिकांकडून फ्लॅप आणि स्लॅट (टेकऑफला पंखांची उचल वाढवणाऱ्या फळ्या) लावायचे राहिले, आणि ते लागलेले नाहीत म्हणून ओरडणारा टेकऑफ वॉर्निंगचा आवाज आलाच नाही. १५४ माणसं गेली. आता हा दुवा बघ: "विमान जमिनीवर आहे की हवेत" हे ज्या रिलेमधून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) हीटरला कळत होतं, तोच रिले टेकऑफ वॉर्निंगलाही सांगत होता. वॉर्निंग नेमकी का गप्प राहिली हे तपासात ठामपणे सिद्ध झालं नाही. पण जमिनीवर तापणारा हीटर म्हणजे हीटरचा बिघाड नव्हे. हीटर तर चालू होता! विमानाला आपण हवेत आहोत असं वाटतंय, असं तो सांगत होता. यादीत मात्र फक्त हीटर होता.

तेव्हा ब्रेकर ओढायच्या आधी वायरिंगचा नकाशा उघड आणि ही वस्तू आणखी कोणाशी बोलते ते बघ. पस्तीस मिनिटांच्या टर्नअराउंडमध्ये, म्हणजे विमान येऊन पुन्हा निघेपर्यंत, हे जमत नाही, असं सगळे सांगतील. बऱ्याचदा खरंच जमत नाही. मग विमान थांबतं. ड्युटी मॅनेजर ओरडतो. ओरडू दे. त्याचं कामच ते आहे.

रिसेट करून गेलेल्या स्नॅगबद्दल थोडक्यात. तोच स्नॅग आठवड्यात तिसऱ्यांदा आला आणि प्रत्येक वेळी "रिसेट केलं, ठीक" अशी नोंद असेल, तर तो कधी डिफर झालाच नाही, त्याला मुदतही नाही आणि कुठल्याच यादीत तो दिसत नाही. २८ डिसेंबर २०१४ ला जावा समुद्रात पडलेल्या इंडोनेशिया एअरएशियाच्या ए३२० वर रडर ट्रॅव्हल लिमिटरचा (रडर किती वळेल ते मर्यादित ठेवणाऱ्या यंत्रणेचा) बिघाड त्या वर्षभरात २३ वेळा नोंदला गेला होता. कारण होतं एक तडकलेलं सोल्डर जॉइंट. शिफ्टला आलास की डिफर केलेल्या स्नॅगची यादी बघतोसच, सोबत टेक लॉगची मागची पंधरा पानंही उलट.

डेंट, टायरवरचा काप, गळणारं तेल यांना एमईएल लागू नाही, त्यांच्या मर्यादा एसआरएम (विमानाच्या सांगाड्याच्या दुरुस्तीचं पुस्तक) आणि मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये आहेत. एखादं फेअरिंग (बाहेरचं आवरण) किंवा सील गहाळ असेल तर सीडीएल, म्हणजे गहाळ चालणाऱ्या बाहेरच्या भागांची वेगळी यादी. मुलाखतीत हे गोंधळून सांगू नकोस, एवढंच.

पुढच्या वेळी तोच प्रश्न आला तर घाईने उत्तर देऊ नकोस, आधी उलट विचार: कोणती वस्तू, रिमार्क्समध्ये काय अट, ऑर्डर कधी गेली, पार्ट आत्ता नेमका कुठे आहे, आज रात्री विमान कुठे थांबणार, याच विमानावर आणखी काय काय डिफर आहे. मग सांग की मुदत संपायच्या आत दुरुस्ती करायचा शेवटचा मार्ग बघेन, आणि तो खरंच नसेल तर कागदपत्रांसह मागणी पुढे पाठवीन. मंजुरी हातात आली नाही तर मुदतीनंतर विमान सोडणार नाही. त्यांनी "मग विमान उभं राहील ना?" विचारलं तर "हो" म्हण आणि थांब.

यूटीसीची गणितं चुकत असतील तर रविवारी सकाळी पाचपाखाडीला ये. मी घरीच असतो. कोरी टेक लॉगची पानं माझ्याकडे आहेत, पेन घेऊन ये.